दोन जाळ्यांतला मासा

शाळेत मी आईला बाई म्हणायचो. मी त्या शाळेत गेलो त्या पहिल्याच दिवशी, जिन्यात माझी कॉलर सारखी करताना तिनं सांगितलं होतं, "फाटकाच्या आत मी साळुंखे बाई. आई घरी." त्यामुळे सकाळी हात धरून निघालेले आम्ही दोघं फाटकापाशी वेगळे व्हायचो. ती शिक्षकखोलीकडे जायची, मी मैदानाकडे. मग दिवसभर मला आई नसायची. कधी व्हरांड्यात समोरून आली, तर मी इतर पोरांसारखाच भिंतीला चिकटून "नमस्ते बाई" म्हणायचो आणि तीही इतरांना करायची तेवढीच मान हलवायची. संध्याकाळी पदर खोचून ती ओट्यापाशी उभी राहिली की मला ती परत मिळायची. या सवयीचा मला कधी त्रास झाला नाही. उलट एकाच माणसात दोन माणसं राहू शकतात, हे मी फार लवकर शिकलो. ते शिकायला नको होतं, असं आता वाटतं.

नेरूळची आमची वसाहत तेव्हा अर्धीच उगवली होती. चार इमारती, मग मोकळं रान, मग पुन्हा चार इमारती. मधल्या रानात गवत कमरेएवढं वाढायचं आणि वारा आला की सगळं एका बाजूला निजायचं. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. देशावरून आलेल्या आमच्या आईला तो सुरुवातीला सहन व्हायचा नाही. ती उदबत्ती लावायची. काही महिन्यांनी वास तसाच राहिला आणि उदबत्ती फक्त देवापुरती उरली. दिवेलागणीला शुभंकरोती झाली की सोसायटीतली पोरं आमच्याकडे पाढ्यांना यायची. बैठकीच्या खोलीत सतरंजी, आई मध्ये, तिच्या मांडीवर निवडायची मेथी नाहीतर सोलायचे मटार. पोरं डोलत पाढे म्हणायची आणि आईची बोटं चालू राहायची. पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी, आणि सगळ्यांत शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. तो मुंबईत कोणाला येत नाही असा आईचा ठाम समज होता. इतकी पोरं एका सुरात लागली की भिंती आवाज धरून ठेवत नसत. खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त आजोबा गॅलरीत उभे राहून चुकलेला आकडा तिथूनच दुरुस्त करायचे. "साडेसतरा रे, साडेसतरा," असा त्यांचा खर्जातला आवाज वर यायचा आणि आई हसून म्हणायची, "बघा, अजून एक विद्यार्थी."

बाबा वाशीच्या एपीएमसी मार्केटात एका कांदे-बटाट्याच्या व्यापाऱ्याकडे हिशेबाचं काम करायचे. पहाटे जायचे, संध्याकाळी पाढे संपता संपता यायचे, आणि त्यांच्याआधी कांद्याचा वास दारातून आत यायचा. "काय, किती शहाणे झाले आज?" असं विचारत ते सतरंजीच्या कडेनं आत जायचे. त्या वासात, त्या सुरात मला पेंग यायची. पाढे मी कधी पाठ केले असं मला आठवतच नाही. ते श्वासासारखे आत गेले होते. आजही औषधाच्या दुकानात बिल होईपर्यंत उभा असलो की ओठ आपोआप हलतात. बायको म्हणते, पुटपुटू नका हो, लोक बघतात.

मी सहावीत गेलो त्या वर्षी शाळेत तांडेल सर आले. करावे गावातले. खाडीवर होडी असलेल्या घरातले. वयानं इतके लहान की शिपायानं पहिल्या दिवशी त्यांना माजी विद्यार्थी समजून बाहेर बसवलं होतं. गणिताच्या एका तुकडीला आई होती, दुसरीला ते, आणि मी दुसऱ्या तुकडीत होतो. "आईच्या वर्गात मुलगा नको," असं आईच मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, सांगून आली होती. तांडेल सरांनी आठवडाभर फळ्यावर शिकवलं. आम्ही आठवडाभर जांभया दिल्या. मग एका दुपारी ते आम्हाला वरच्या मजल्यावर, अजून प्लास्टर न झालेल्या हॉलमध्ये घेऊन गेले आणि खडूनं जमिनीवर एकापासून शंभरपर्यंत चौकोन आखले. "ही खाडी," ते म्हणाले. "उभे रहा. तुम्ही मासे."

खेळ असा होता. प्रत्येकानं एका चौकोनात उभं राहायचं; तो आकडा म्हणजे आपलं नाव. एकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची. तो होडीवरचा प्रमुख; त्याला सर स्वतःचंच आडनाव द्यायचे, तांडेल. मग सर दोन जाळी टाकायचे. चारचं जाळं म्हणजे त्यात चारनं भाग जाणारे सगळे मासे आले. सहाचं जाळं म्हणजे सहानं भाग जाणारे. पट्टी बांधलेल्या तांडेलानं मनातल्या मनात दोन्ही जाळी ओढायची आणि दोन्हींत अडकलेला सगळ्यांत अलीकडचा मासा हाक मारून बोलवायचा. बारा म्हटलं आणि बरोबर असलं, की बारावर उभा असलेला ओरडायचा, "अडकलो." तांडेलानं अलीकडचा सोडून पलीकडचा बोलावला, तर सुटलेला मासा म्हणायचा, "निसटलो," आणि सगळा हॉल हसायचा. लसावि म्हणतात तो हाच, हे सरांनी आम्हाला पंधरवड्यानं सांगितलं. तोवर आम्ही तो शंभर वेळा पकडला होता.

त्या हॉलला खिडक्यांच्या चौकटी होत्या, काचा नव्हत्या. खाडीवरचा वारा सरळ आत यायचा. डोळ्यांवर पट्टी बांधली की मला काय व्हायचं ते नीट सांगता येणार नाही. अंधारात चौकोन हलायला लागायचे, पाणी यायचं, आणि आकडे चमकत वर यायचे. एकट्या जाळ्यातले मंद, दोन्ही जाळ्यांतले लख्ख. मी मोजत नव्हतो, मला ते दिसत होते. आईचे पाढे खाली कुठेतरी वाहत असायचे आणि त्यांच्यावर हे मासे. माझी हाक कधी चुकली नाही. माझा मित्र परेश, जो नेहमी चोवीसवर उभा राहायचा कारण तिथे वारा चांगला लागतो, मला म्हणायचा, "मंद्या, तू पट्टीतनं बघतोस ना? खरं बोल." मी म्हणायचो, "हो, बघतो." ते खोटं नव्हतं.

एका रविवारी सर आम्हा दोघा-तिघांना करावे गावात घरी घेऊन गेले. फाटलेल्या जाळ्याचे तुकडे आणायचे होते, खेळाला शोभा यावी म्हणून. गल्लीत दोऱ्यांवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्या सावल्या जमिनीवर झुलत होत्या. सरांची आई दारात जाळं शिवत बसली होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "कुनाची पोरां आनलीस रं?"

"शालेतली हाय, आये," सर म्हणाले. शाळेत शुद्ध बोलणारे आमचे सर एका उंबऱ्यात बदलले, आणि मला एकदम ते माझ्यातले वाटले.

"मं उपाशी कशाला उबी केलीस? बसा रं. जवला खाव ना?"

आमच्या घरी मासळी शिजत नसे. मी तांदळाची मऊ भाकरी आणि कांद्यात परतलेला जवळा खाल्ला, आणखी मागून खाल्ला. "ह्याला वाड, ह्यो भुकेला हाय," म्हातारी म्हणाली आणि सगळे हसले. घरी आलो तेव्हा आईनं माझे हात हुंगले, माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता साबणाची वडी हातात दिली. आमच्या घरात पुष्कळ गोष्टी अशाच मिटायच्या.

दिवाळीनंतर मोठ्या बाईंनी ठरवलं की पालकसभेत तांडेल सरांचा खेळ सगळ्यांना दाखवायचा. संस्थेचे अध्यक्ष येणार होते. त्यांना पटलं तर पुढल्या वर्षापासून पाचवी ते सातवीचं सगळं गणित याच पद्धतीनं, सरांच्या हाताखाली. हे मला शाळेत नाही, घरात कळलं. पहाटे आई बाबांच्या डब्याच्या पोळ्या लाटत होती. मी अंथरुणात जागा होतो. लाटणं मध्येच थांबायचं, म्हणून मी ऐकायला लागलो.

"मला खालच्या वर्गांवर टाकणार," आई म्हणाली. "तिसरी-चौथी. मोठ्या बाई गोड बोलून म्हणाल्या, तुमचे पाढे लहानांना उपयोगी."

"मग वाईट काय त्यात? पगार तोच."

"पगाराचं कोण बोलतंय?" तव्यावर पोळी पडल्याचा आवाज आला. "पोरं खाली येताना हसत येतात हो त्याच्या तासाहून. माझ्या तासाहून कोणी हसत आलेलं मी बघितलं नाही. आपला मंदारसुद्धा."

आई पुढे म्हणाली, "तो पोरगा वाईट नाही. काल मला म्हणाला, बाई, तुमच्या पाढ्यांशिवाय माझं जाळं रिकामं येईल. मंदारला तांडेल करतोय सभेच्या दिवशी. म्हणतो, तुमचा मुलगा पाढ्यावर वाढलाय आणि खेळतोही तोच सगळ्यात छान, हे सगळ्यांना दिसू दे." मग ती हसल्यासारखं काहीतरी बोलली, "माझ्याच हातानं मला खाली बसवायचं म्हणजे," आणि लाटणं पुन्हा सुरू झालं.

सर काय म्हणाले होते ते नीट समजायला मला मोठं व्हावं लागलं. ते आईला वर उचलत होते. आईला ते कळलं नाही आणि मला तर फक्त थांबलेलं लाटणं ऐकू आलं होतं. मी अंथरुणात तसाच पडून राहिलो. डोळे मिटले तर आत पाणी नव्हतं, मासे नव्हते. त्या सकाळी मी ठरवलं. मुलाच्या हातून घडलं, अजाणतेपणी घडलं, असं म्हणून मी अनेक वर्षं सुटत आलो. पण मी अजाण नव्हतो. सभेपर्यंतचे सगळे दिवस मी हॉलमध्ये पट्टी बांधून बरोबर हाका मारत होतो आणि आतल्या आत चुकीच्या हाकेची तालीम करत होतो.

सभेला हॉल भरला होता. भिंतीकडेनं खुर्च्या, त्यांत पालक, पुढे अध्यक्ष. ते पांढऱ्या टोपीतले, वयस्क, बोलायला गोड होते. शिक्षक खिडकीपाशी उभे होते आणि त्यांच्यात साळुंखे बाई होत्या, मोरपिशी साडीत, हाताची घडी घालून. सरांनी जाळ्याचे तुकडे भिंतींवर लावले होते. माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधताना ते हळूच म्हणाले, "टेन्शन नको. नेहमीसारखं."

"सहाचं जाळं," सर म्हणाले. "आठचं जाळं. तांडेल, ओढ."

मी ओढलं. सगळं दिसलं. चोवीस इतका लख्ख होता की पट्टीच्या आत डोळे दुखले. तिथे परेश उभा होता. त्याची चप्पल किंचित घासली, मी बोलवायची वाट बघत असल्यासारखी. मी म्हणालो, "अठ्ठेचाळीस."

"अडकले," अठ्ठेचाळीसवरची मुलगी म्हणाली, पण तिच्या आवाजातच प्रश्न होता.

"अडकलीय खरी," सर म्हणाले. "दोन्ही जाळ्यांत आहे ती. पण मंदार, अलीकडे बघ. अलीकडे कोणी आहे का?" ते घाईत नव्हते. माझ्यासाठी त्यांनी जागा करून दिली होती. तिथून परत येणं अगदी सोपं होतं. कोणालाही वाटलं असतं, पोरगा गडबडला, मग सावरला. खेळ उलट रंगला असता. मी अंधारात उभा होतो आणि वारा चेहऱ्यावर येत होता.

"अलीकडे कोणी नाही, सर."

"नीट बघ."

"बघितलं सर. कोणी नाही."

परेशनं नियमाप्रमाणे म्हणायचं ते म्हटलं, पण इतक्या हळू की ते खाडीतून आल्यासारखं वाटलं. "निसटलो." पोरं हसली. या वेळी पालकही हसले. मी पट्टी काढली.

अध्यक्षांनी मला जवळ बोलावलं. "कोणाचा रे तू?"

"साळुंखे बाईंचा."

"अरे वा. म्हणजे पाढे येत असणार. आठ त्रिक?"

"चोवीस."

"सहा चोक?"

"चोवीस."

"तीन औटे?"

"साडेदहा."

"हे बघा," अध्यक्ष खुर्च्यांकडे वळून म्हणाले. "पाढा विचारला, तर पोरगं डोळ्याचं पातं लवू न देता सांगतं. खेळात मात्र हरवलं. बाई, शाबास तुमची." टाळ्या झाल्या. आठ त्रिक चोवीस आणि सहा चोक चोवीस, दोन्ही मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालो होतो. ज्याला हे दोन्ही येतं त्याला दोन्ही जाळ्यांतला चोवीस दिसणार नाही, हे शक्य नाही. भरल्या हॉलमध्ये ते कोणाला ऐकू आलं नाही. गणित येणारी तिथे दोनच माणसं होती. मी सरांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. एखादं अवघड उदाहरण सुटावं तसा त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला, मग त्यांनी मान खाली घातली आणि जमिनीवरचा खडू उचलला. खिडकीकडे मी पाहिलंच नाही.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. हॉलमध्ये मोडके बाक ठेवायला सुरुवात झाली. सरांना चित्रकला आणि कवायतीचे तास मिळाले, आमची तुकडी आईकडे आली. सर जिन्यात भेटायचे तेव्हा विचारायचे, "डबा खाल्लास का?" मी हो म्हणायचो. तेवढंच. एकदाही त्यांनी दुसरं काही विचारलं नाही आणि दर वेळी मी त्यासाठी तयार होऊन जिना चढायचो. वार्षिक परीक्षेनंतर ते शाळा सोडून गेले. उरणकडे कुठे नोकरी लागली म्हणे, कोणी म्हणालं शिकवणं सोडून ते होडीवर गेले. करावे आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. मी गेलो नाही. पुढे मोटारसायकल आली, तरी गेलो नाही. आता तिथे रस्ते इतके बदललेत की घर सापडणार नाही, असं मी स्वतःला सांगतो. पण विचारलं तर कोणीही दाखवेल.

आई आता माझ्याकडे असते, उलव्याला. तिचे गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. हे प्रकरण लिहायला घेतलं आणि चार ओळींपुढे जाईना, म्हणून मागच्या रविवारी दुपारी मी तिच्यापाशी जाऊन बसलो. बाहेर कुठल्याशा इमारतीचं काम चालू होतं, पोकळ ठोके येत होते. मी म्हणालो, "आई, ती पालकसभा आठवते? तांडेल सरांची?"

तिनं चष्मा काढून पदराला पुसला.

"तुला तेव्हाच कळलं होतं का?"

"मी गणिताची बाई आहे रे," ती म्हणाली. "तू आठ त्रिक चोवीस म्हणालास तेव्हा संशय आला. सहा चोक म्हणालास तेव्हा खात्री."

"मग बोलली का नाहीस?"

"टाळ्या वाजत होत्या. मला खूप वर्षांनी कोणीतरी शाबास म्हणालं होतं." ती खिडकीबाहेर पाहत राहिली. "घरी येताना वाटलं, तू सांगशील. मग वाटलं, लहान आहे, उद्या मीच जाऊन मोठ्या बाईंना सांगेन, माझ्या पोरानं मुद्दाम केलं म्हणून. दुसऱ्या दिवशी गेले पण होते दारापर्यंत. त्या कोणाशी तरी बोलत होत्या. म्हटलं, उद्या. आणि पुढल्या वर्षी लसावि आला ना शिकवायला, तर मी फळ्यावर दोन जाळी काढली. पोरं हसली. कोणाचं ते मी सांगितलं नाही. रिटायर होईपर्यंत दरवर्षी काढत होते."

हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते ओझं माझं एकट्याचं आहे. तिला मी त्यातून वाचवलं, असंही कुठेतरी वाटत होतं. आम्ही दोघं एकाच घरात, एकाच ताटावर बसून ते एकमेकांपासून लपवत जगलो होतो.

"मग ते उद्या कधी आलंच नाही?" मी विचारलं.

"कसं येणार," आई म्हणाली. "तुझी सातवीची पुस्तकं आली."